पुण्याजवळच्या खेड्यात कायमचं राहायला गेलेलं कोणी आहे का इथे?

चौथा_मजला

नमस्कार मंडळी.

आम्ही खराडीला राहतो. मी, बायको, साडेचार वर्षांची मुलगी आणि माझी आई. आम्हा दोघांनाही आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसला जावं लागतं, बाकी काम घरून. जानेवारीत सासवडच्या पुढे एका मित्राच्या शेतावर हुरड्याला गेलो होतो, तेव्हापासून घरात हाच विषय आहे. आई तिथे चुलीपाशी बसून एका बाईंशी तासभर बोलत होती. खराडीत आल्यापासून तिला इतकं बोलताना मी पाहिलं नव्हतं. ती म्हणते, जाऊ या. बायको म्हणते, चार दिवस छान वाटेल, पाचव्या दिवशी पोरीला ताप आला की कळेल.

'निसर्गाच्या कुशीत' वगैरे जाहिराती रोज मोबाइलवर येतात. त्या प्लॉटिंगवाल्यांशी बोलून झालंय. मला तिथे रोज राहणाऱ्या माणसांकडून ऐकायचंय. हवा आणि शांतता सोडून असं काय आहे, की ज्याच्यासाठी तुम्ही घाट चढून पुन्हा घरी जाता? गाव बाहेरच्याला खरंच आपलं म्हणतं का? शाळा, दवाखाना, पाणी कसं? आमच्यापैकी कोणाच्याच नावावर सातबारा नाही, म्हणजे शेतजमीन घ्यायचा प्रश्न मिटलाच. मग राहायचं तरी कुठे?

दिवेघाट, बोपदेव, मुळशी, भोर, कुठलीही बाजू चालेल. सविस्तर लिहा, वाचायला वेळ आहे.

बोपदेवच्या_पलीकडे

मी रोज बोपदेव घाट उतरून कॅम्पात नोकरीला जाते. एका सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे. घर चांबळी-हिवऱ्याच्या पट्ट्यात. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण गाव लहान आहे आणि ज्यांच्याबद्दल लिहिणार आहे ती माणसं लगेच ओळखू येतील. नवऱ्याचं हडपसरला मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. शेतीपंपांचं काम जास्त सासवडला, म्हणून दुकान तिकडे हलवलं आणि त्याच्यामागे घरही हललं. निसर्गासाठी आलो असं म्हणणार नाही, पोटासाठी आलो. मुलगा तेव्हा सहावीत होता, आता बारावीला आहे.

हवा आणि शांतता सोडून सांगा म्हणालात ते बरं केलंत. शांतता गावात नसतेच. पहाटे साडेचारला दुधाची गाडी हॉर्न मारत येते, कार्तिकात देवळाच्या भोंग्यावर काकडा लागतो, लग्नसराईत रात्री उशिरापर्यंत गाणी चालतात. ज्याला झोप प्यारी आहे त्याने शहरातच खिडक्या लावून राहावं.

मला इथे धरून ठेवणारी गोष्ट अशी, की इथे माणसं काय करतात ते दिसतं. हडपसरला आम्ही ज्या इमारतीत राहत होतो तिथे समोरचे गृहस्थ रोज साडेआठला बॅग घेऊन निघायचे. भले माणूस होते. पण ते नेमकं काय काम करतात हे आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि मी काय करते ते त्यांना. इथे आळीतल्या प्रत्येक घराचं पोट कशावर चालतं ते रस्त्यावरच मांडलेलं असतं. कोणाच्या ओट्यावर वाटाण्याची पोती, कोणाच्या दारात दुधाचे कॅन, कोणाच्या पडवीत शेवंतीच्या करंड्या. भाव पडला की आख्ख्या आळीचा चेहरा उतरतो, आणि तो का उतरला हे सांगावं लागत नाही.

अंजिराचंच घ्या. पुरंदरचं अंजीर म्हणून आता बाजारात नाव आहे, २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. पण ते इथे का टिकलं हे मला इथे येऊन कळलं. अंजीर तोडल्यावर पिकत नाही, झाडावर पिकलेलंच काढावं लागतं. आणि पिकलं की त्याची साल इतकी नाजूक, की एक-दोन दिवसांच्या वर धीर धरत नाही. म्हणजे ज्या गावाला दोन-तीन तासांत मोठा बाजार गाठता येतो त्याच गावाला अंजीर परवडतं. आमच्याकडे खट्टा बहार थंडीत येतो आणि मिठा उन्हाळ्यात. हंगामात पहाटे बॅटरीच्या उजेडात तोडणी चालते. बायका हातांना फडकं किंवा मोजे बांधतात, कारण देठातून पांढरा चीक येतो आणि तो चामडीला लागला की दिवसभर आग होते. एकेक फळ देठाला धरून फिरवायचं, ओढायचं नाही. खोक्यात अंजिराचंच पान घालायचं, त्यावर फळं उभी लावायची. उजाडायच्या आत टेम्पो गुलटेकडीच्या मार्केट यार्डाकडे सुटलेला असतो.

ते पाहिल्यावर 'शहराजवळचं खेडं' या गोष्टीकडे बघायची माझी नजर बदलली. आपण म्हणतो, शहरापासून लांब जाऊ या. पण हे गाव शहरापासून लांब नाहीच. पुणं जवळ आहे म्हणून इथली झाडं उभी आहेत, आणि पुण्यात सकाळी जे दूध, जी भाजी, जी फुलं पोचतात ती इथल्यासारख्या गावांतून जातात. मी घाट उतरते तेव्हा माझ्या आधी गावाचा माल उतरलेला असतो. घाटमाथ्यावर राहून त्याच रस्त्याने कामाला जाण्यात मला एक समाधान आहे, आणि ते मला हडपसरमध्ये कधी मिळालं नव्हतं.

आता 'आपलं म्हणतात का'. याचं खरं उत्तर द्यायला थोडं लांबून यावं लागेल.

आमच्या शेजारी एक आक्का राहतात. वय पासष्टच्या पुढे, मालक वारलेले, २० गुंठे अंजीर त्यांच्या नावावर. मुलगी सासरी. पूर्वी पिकाची नोंद तलाठी करायचे, २०२१ पासून शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर ई-पीक पाहणी करायची असते. आक्कांचा मोबाइल साधा, बटणांचा. सातबारावर पीकपेरा कोरा राहिला तर काय होतं ते मी रोज बँकेत बघते. पीककर्जाला अडचण, विम्याला अडचण, नुकसानभरपाईच्या वेळी तर विचारूच नका. म्हणून एका रविवारी माझा मोबाइल घेऊन आम्ही दोघी त्यांच्या रानात गेलो. पाऊस भुरभुरत होता. ॲप म्हणतं, ज्या गटातलं, म्हणजे जमिनीच्या ज्या नंबरातलं पीक आहे, त्याच गटात उभं राहून फोटो काढा. आम्ही बांधावर बाभळीखाली उभ्या, कारण रेंज तिथेच येते, आणि ॲप म्हणतंय तुम्ही निवडलेल्या गटात नाही. आत झाडांत गेलं की गट बरोबर, पण रेंज गायब. मग मी आत जाऊन फोटो काढायचा आणि पळत बांधावर यायचं, असं चाललं. आक्का मागून छत्री धरून येत होत्या, माझ्यासाठी नव्हे, मोबाइलसाठी. शेवटी नोंद गेली. त्या फोटोत अर्धी छत्री आली आहे आणि आक्कांचा हात, बांगड्यांसकट. मी दुसरा काढू का विचारलं तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे, साह्यबाला कळंल कुणाचं रान हाय त्ये."

त्या रविवारनंतर माझ्या दाराशी संध्याकाळी कागद यायला लागले. फेरफाराची नोटीस, वारस नोंद, बचत गटाचं रजिस्टर, शेतकऱ्यांना कर्ज देणाऱ्या सोसायटीकडून आलेलं पत्र, कोणाच्या मुलीचं शिष्यवृत्तीचं खातं आधारला जोडलं गेलं नाही ते. बँकेत हेच काम मी खिडकीच्या आतून करते. इथे ओट्यावर बसून करते, आणि ज्याचा कागद त्याचं पूर्ण घर मला माहीत असतं. त्यामुळे कागदात काय चुकलंय ते पटकन सापडतं, कारण सासऱ्यांचं नाव 'ज्ञानू' आहे की 'ज्ञानोबा' हे मला ठाऊक असतं. यात माझा मोठेपणा नाही. प्रत्येकाला इथे असं एकेक काम मिळतं. माझा नवरा मोटारी बघतो. कोपऱ्यावरचे एक निवृत्त फौजी आहेत, ते पोरांना भरतीसाठी पळवतात. तुम्हाला काय येतं हे गावाला कळलं की गाव तुम्हाला बोलावतं, आणि बोलावलं की जायचं. आपलं म्हणतात ते असं.

आणखी एक, हे तुम्हाला प्लॉटिंगवाले सांगणार नाहीत. गाव सगळ्यात आधी बघतं ते तुम्ही दुःखाला जाता का. लग्नाला नाही गेलात तर समजून घेतात, नोकरदार माणूस आहे म्हणतात. सावडायला नाही गेलात, दशक्रियेला सकाळी प्रवचनाला दिसला नाहीत, तर ते लक्षात राहतं. मी त्यासाठी अर्ध्या दिवसाची रजा टाकते. साहेब विचारतात, तुमचे कोण? मी सांगते, गावातले.

ज्येष्ठात माउलींची पालखी दिवेघाट चढून सासवडला येते आणि दोन मुक्काम करते. सोपानकाकांची पालखीही तेव्हाच सासवडहून निघते. त्या दोन दिवसांत आमच्याकडच्या घराघरांत भाकरीची पाळी असते. सभामंडपाच्या मागे चुली मांडतात, पंचवीस-तीस जणी काथवटी घेऊन बसतात, जिला थापता येत नाही ती भाजायला. दुपारपर्यंत भाकरीच्या पाट्या आणि पिठल्याची पातेली टेम्पोत भरून सासवडला दिंडीच्या तळावर जातात. पहिल्या वर्षी मी भाजायला होते. आता थापायला असते.

अडचणीही लिहिते. पाणी ही खरी अडचण. पुरंदर पश्चिमेला किल्ल्याकडे पावसाचा आणि पूर्वेला जेजुरीकडे कोरडा, आम्ही मध्ये. एप्रिल-मेमध्ये नळाला चार-चार दिवसांनी पाणी येतं, टाकी नसेल तर हाल. पावसाळ्यात घाटात धुकं इतकं, की पुढच्या गाडीचा लाल दिवाच धरून उतरायचं. अंधार पडल्यावर मी घाटात एकटी थांबत नाही, कोणतीही बाई थांबत नाही. उशीर झाला तर फोन करते आणि नवरा माथ्यावर येऊन उभा राहतो. वाऱ्या-पावसात लाइट जाते ती रात्रभर जाते. कुठे निघालात, कधी आलात, पाहुणे कोण होते, हे रोज विचारलं जाणार. मला पहिलं वर्षभर त्याचा त्रास झाला. आता मीही विचारते.

आणि हेही सांगायलाच हवं की घर भाड्याने देताना आडनाव विचारतात. शहरातही विचारतात, पण तिथे आडून, इथे तोंडावर. आळ्या अजून जातीने ओळखल्या जातात, पंगतीला कोण कुठे बसतं ते नव्या माणसालाही दिसतं. माझं गावावर प्रेम आहे आणि हे मला सलतं, दोन्ही खरं आहे. बचत गटात आम्ही हट्टाने दोन आळ्यांच्या बायका एकत्र ठेवल्या आहेत. महिन्याची बैठक पाळीने प्रत्येकीच्या घरी होते आणि चहा प्रत्येकीच्या घरचा होतो. ते सोपं नव्हतं. अजूनही एक घर येत नाही.

परत_हडपसर

वरच्या ताईंनी मनापासून लिहिलंय, पण दुसरी बाजूही असू द्या. आम्ही एका घाटाच्या पलीकडे अशाच एका बंगलो स्कीममध्ये राहिलो आणि परत आलो. परत आलो ते बरोबर केलं असं आम्हा दोघांचंही मत आहे.

कुंपणाच्या आत वीस बंगले, त्यातले चार-पाच शनिवार-रविवारी उघडणारे. सोमवार ते शुक्रवार आम्ही, वॉचमन आणि त्याची बायको. गाव दीड किलोमीटरवर, पण आमचं तिथे काही कामच नव्हतं. दूध पिशवीचं, भाजी ऑनलाइन, मुलांची शाळा हडपसरला. गावकऱ्यांच्या लेखी आम्ही 'कंपाउंडवाले'. त्यांचंही चुकत नव्हतं, त्यांच्या गुरांची वाट त्याच कुंपणाने बंद केली होती. पाणी टँकरचं. ज्याने स्कीम विकली त्याने बोअरला बारमाही पाणी सांगितलं होतं, ते फेब्रुवारीत आटायचं.

वडिलांना रात्री छातीत दुखायला लागलं तेव्हा १०८ ला फोन केला, गाडी आली, पण अंधारात आमचा फाटा सापडेना. वडील वाचले. त्यानंतर आईने तिथे राहायला नकार दिला. घरात वयस्कर माणूस असेल तर दवाखान्याचं अंतर दिवसा मोजू नका, रात्री दोन वाजता गाडीत बसून एकदा जाऊन बघा.

सात_गावांपैकी

मी इथलाच, जन्माने. पारगाव, खानवडी, मुंजवडी, एखतपूर, कुंभारवळण, वनपुरी, उदाचीवाडी ही सात गावं विमानतळाच्या बातम्यांत वाचली असतील. त्यातलं एक माझं.

चौथा मजला, तुम्ही येताय याचं मला बरं वाटतं, खरंच. पोरं चाकण-रांजणगावला चालली आहेत, शहरातलं कोणी गावात राहायला बघतंय हे ऐकून बरं वाटतं. पण शहराच्या जवळ असण्याची किंमत काय असते ते पण ऐका.

२०१६ साली विमानतळासाठी आमच्या भागाचं नाव निघालं. तेव्हापासून आमच्या घरात कुठलाच निर्णय सरळ होत नाही. विहिरीचं खोलीकरण करायचं का? सीताफळाची नवीन बाग लावली तर फळ धरायला तीन-चार वर्षं जातात, तोपर्यंत रान आपलं असेल का? जुन्या घरावर स्लॅब टाकायचा का? माझ्या वडिलांनी या काळात दोनदा विटा आणून ठेवल्या आणि दोनदा त्या दुसऱ्याला देऊन टाकल्या. महात्मा फुल्यांचं घराणं ज्या खानवडीचं, तिथलंही हेच. आंदोलनं झाली, मोजणीला विरोध झाला. बाहेरचे म्हणतात, भरपूर पैसे मिळतील. मिळतीलही. पण आमच्या आईचं माहेर एका वाडीवर, सासर दुसऱ्या, बहिणीचं घर तिसऱ्या. ते सगळं उठून कुठे बसवणार?

दुसरी गोष्ट, जी शहरातल्या लोकांना माहीत नसते. आमचा पूर्व भाग पिढ्यान् पिढ्या दुष्काळी. आज इथे हिरवं दिसतं ते बरंचसं पुरंदर उपसा योजनेमुळे, आणि त्या योजनेचं पाणी मुळा-मुठेतून उचललेलं असतं. म्हणजे पुण्याने वापरून सोडलेलं. ते पाणी पंपाने चढवून आमच्या बागांना येतं आणि त्याच बागांची फळं परत पुण्याला जातात. पाणी आलं नव्हतं तेव्हा माझे वडील उन्हाळ्यात हमालीला पुण्यात जायचे. त्यामुळे मी शहराला शिव्या देत नाही. माझी बहीण त्याच शहरात नर्सिंग शिकली.

पण दिवेघाटाखालची फुरसुंगी, उरुळी देवाची आम्ही डोळ्यांदेखत बदलताना पाहिली. २०१७ ला ११ गावं महापालिकेत गेली, २०२१ ला आणखी २३. कचरा आधी आला, सोयी नंतर. आता घाटात रुंदीकरण चालू आहे. रस्ता मोठा झाला की अंतर कमी होतं, आणि अंतर कमी झालं की आमच्या रानाला गुंठ्याचा भाव येतो. एकराचा भाव बोलणारा माणूस शेतकरी असतो, गुंठ्याचा भाव बोलणारा कोण असतो ते तुम्हीच बघा.

तुम्हाला यायचं असेल तर जमीन घेऊ नका. कूळकायद्याच्या कलम ६३ मुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घेता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे असं दिसतं. पण पाच-दहा जणांत सामाईक नाव लावून गुंठे विकणारे भेटतील, त्यांच्या नादी लागू नका. गावठाणात घर बघा. ग्रामपंचायतीत नमुना ८ चा उतारा काढा, कर कोणाच्या नावाने भरला जातो ते बघा. आमच्याकडे गावठाणात पुष्कळ घरं कुलपात आहेत. घर कुलपात राहिलं की दोन पावसाळ्यांत भिंत बसते. कोणी राहायला आलं तर मालकालाही बरं वाटतं.

शाळामास्तर

शाळेबद्दल थोडं. मी पुरंदरमध्येच जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. दोन शिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, म्हणजे एका खोलीत दोन-दोन वर्ग. शहरातल्या पालकांना हे ऐकून धक्का बसतो. मी इतकंच म्हणेन की आधी येऊन एक दिवस वर्गात मागे बसा. आमच्याकडे दुसरीतली मुलगी पहिलीच्या पोराला वाचायला शिकवते, आणि शिकवता शिकवता तिचं स्वतःचं पक्कं होतं. काही शाळा फार चांगल्या आहेत, काही नाहीत, सगळं शिक्षकावर असतं. बदलीने चांगला शिक्षक गेला की दोन वर्षांत फरक दिसतो. तेव्हा शाळेचं नाव विचारू नका, सध्या बाई-गुरुजी कोण आहेत आणि त्यांना इथे किती वर्षं झाली ते विचारा.

तुमची मुलगी साडेचारची आहे, म्हणजे आधी अंगणवाडी. अंगणवाडी ताईंना भेटा. गावात कोणती पोरं आहेत, कोणाच्या घरी कोण आजारी, कोणतं घर रिकामं, त्यांना सगळं माहीत असतं. आमच्या पटावर एक पोर वाढलं तर आम्हाला किती आनंद होतो हे तुम्हाला कळणार नाही. पट कमी झाला की शाळेच्या अस्तित्वाचाच प्रश्न उभा राहतो.

चौथा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. बायकोला बसवून सगळं मोठ्याने वाचून दाखवलं. 'परत हडपसर' यांचा मुद्दा तिला पटला. आईला भाकरीचं पटलं, ती म्हणाली थापायला मी बसेन.

बोपदेवच्या पलीकडे ताई, दोन प्रश्न. भाड्याने राहून बघायचं तर कुठल्या महिन्यात यावं? आणि आईला मधुमेह आहे, गोळ्या चालू आहेत. गावात डॉक्टर नसतील तर कसं करता?

बोपदेवच्या_पलीकडे

पावसाळ्यात बघायला येऊ नका. तेव्हा कोणतंही गाव कोणालाही आवडतं. मेच्या पहिल्या पंधरवड्यात या, दुपारी या, आणि नळकोंडाळ्यापाशी जी बाई असेल तिला विचारा, पाणी कधी आलं होतं. सरपंचांना विचारू नका, ते योजना सांगतील. त्यानंतर राहायला यायचं तर जूनच्या आधी या, म्हणजे मुलीची अंगणवाडी वेळेत सुरू होईल आणि पहिल्या पावसात घर कुठे गळतं ते मालकासमोरच कळेल.

डॉक्टरांचं असं, की गावात आठवड्यातून ठरावीक दिवशी उपकेंद्रावर तपासणी होते. आशाताई घरोघर येतात, साखर आणि रक्तदाबाच्या वह्या त्यांच्याकडे असतात. माझ्या सासूबाईंना मधुमेह होता, त्यांच्या गोळ्या कधी संपतात हे माझ्याआधी आशाताईंना माहीत असायचं. बाकी सासवडला ग्रामीण रुग्णालय आहे, खाजगी दवाखाने भरपूर आहेत. पावसाळ्यात सापाची भीती असते, साप चावल्यावर द्यायची लस ग्रामीण रुग्णालयात असते, पण ती आज शिल्लक आहे का ते दर पावसाळ्याच्या सुरुवातीला जाऊन विचारून घ्यायचं. आम्ही विचारतो. मोठं काही झालं तर मात्र घाट उतरावाच लागतो. 'परत हडपसर' म्हणतात तसं रात्री एकदा गाडीने जाऊन बघा, ते अगदी बरोबर आहे. आणि फाट्यावर, घराच्या कोपऱ्यावर ठळक पाटी लावा. गावात मध्यवस्तीत राहिलात तर रात्री गाडी दाखवायला पोरं रस्त्यावर येऊन उभी राहतात. कुंपणाच्या आत ते होत नाही.

घराचं बोलायचं तर आमच्या आळीत एक घर रिकामं आहे. मालक चाकणला कंपनीत आहेत, दिवाळीला येतात. दोन खोल्या, पडवी, पुढे अंगण, मागे कडीपत्ता आणि शेवग्याचं झाड. कौलं गेल्या वर्षी बदलली आहेत. भाडं फार सांगणार नाहीत, त्यांना घर जागतं राहायला हवंय. पाण्याची टाकी तुम्हाला बसवावी लागेल, हजार लिटरची तरी घ्या. इंटरनेटची वायर समोरच्या घरापर्यंत आली आहे. तुमच्या मीटिंगच्या वेळी लाइट गेली तर इन्व्हर्टर लागेल, तोही नवऱ्याकडून बघून घ्या, तो जास्त खर्चाचा सांगणार नाही.

आडनावाचं मी मालकांशी आधीच बोलले आहे. ते विचारणार नाहीत.

व्यनि (खाजगी निरोप) केलाय, त्यात माझा नंबर आहे. संडास घराबाहेर, अंगणाच्या टोकाला आहे. रात्री आईंना चालेल का, ते त्यांना विचारून कळवा, म्हणजे मालकांशी आत बांधून देण्याचं बोलता येईल.